ऑनरेबलची आई

प्रिय एलोका,

गेल्या गुरुवारी पहाटेची प्रार्थना आटोपून मी आईचं निळं ब्लँकेट काखेत मारलं आणि शवागाराकडे निघालो. तेच ब्लँकेट, ज्याचा एक कोपरा तू लहानपणी चोखून चोखून पातळ केला होतास. इकडे हरमटानचं कोरडं, गार वारं सुटलंय. रस्त्यावर सगळी लाल धूळ, समोरून येणारी मोटरसायकल अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. या दिवसांत आई चुलीपुढून हलायची नाही. आपण तिला चिडवायचो, की मम्मा, एक दिवस तू चुलीतच जाऊन बसशील. ब्लँकेट तिथे नेऊन मला काय करायचं होतं, ते मला धड सांगता येणार नाही. घरात ते घडी केलेलं रोज नजरेला पडायचं आणि बाहेर गारठा वाढत चालला होता, एवढंच.

तिथल्या कामावरच्या सिल्वेस्टरने दार उघडलं. ब्लँकेट बघून तो हसला. "मास्तर, इथं थंडी वाजते म्हणून अजून कुणी तक्रार केलेली नाही," म्हणाला. चर्चमधल्या पोरांना प्रार्थना शिकवणाऱ्याला गावात सगळे मास्तरच म्हणतात, शवागारातसुद्धा. मग माझं तोंड बघून त्याने हसू आवरलं आणि खण बाहेर ओढला. एलोका, तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तिचं नाव नाही. तिथे लिहिलंय, 'ऑनरेबलची आई'. हे कुणी लिहिलं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "चीफ बार्थोची माणसं पैसे भरायला आली होती, त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मला काय, ते म्हणाले तर मी भिंतीवरसुद्धा लिहीन." तिचा चेहरा कसा झालाय ते मी लिहीत नाही. तू एकदाही आला नाहीस, तेव्हा ते ऐकायची वेळ तुझ्यावर आणणं बरं नाही. इतकंच सांगतो, की मी तिला हातांवरून ओळखलं.

तुझा फोन लावला की तुझी सेक्रेटरी उचलते. "ऑनरेबल मीटिंगमध्ये आहेत, अंकल, निरोप असेल तर सांगा." गोड बोलते बिचारी. पण हा काही निरोप म्हणून सांगण्यासारखा मजकूर नाही. म्हणून लिहायला बसलो. शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून बार्थोला फोन लावू नकोस.

आईने मागितलं होतं तरी काय? मे महिन्यात, याम कंदांची लावणी चालू होती तेव्हा, तू शेवटचा तिच्याजवळ बसलास. पलीकडच्या आळीतल्या म्हातारीला तिच्या पोरांनी वर्षभर बर्फात ठेवलं होतं, पोरं परदेशातून येईनात म्हणून. त्याचा आईने धसका घेतला होता. ती तुला म्हणाली, "मला त्या थंडीत ठेवू नका रे. मला गार सोसत नाही." तू तिचे पाय चोळत होतास. तू म्हणालास, "नाही मम्मा, दोन आठवड्यांच्या वर एक दिवस नाही." ती हसली, आणि तुला म्हणाली की तुझी उंची वाढली वाटतं. बेचाळीस वर्षांच्या माणसाची उंची! त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली आणि त्याच आठवड्यात तुला राज्याच्या विधानसभेचं तिकीट मिळालं, आणि निवडून यायच्या आधीच तू सगळ्यांचा ऑनरेबल झालास.

तिकिटासाठी पक्षाचा नुसता अर्ज विकत घ्यायला तू शहरातली जमीन विकलीस, हे मला ठाऊक आहे. आतल्या निवडणुकीत मतं देणाऱ्या पक्षाच्या लोकांना खूश ठेवायला गाडी विकलीस, तेही ठाऊक आहे. तुला आता मागे फिरता येत नाही. माझ्यासारख्या माणसाला ते कळत नाही असं समजू नकोस. डोंगराच्या निम्म्यावर बैलगाडी अडकली तर उतरून घरी जाता येत नाही, चाकाला खांदा लावावाच लागतो. पण तू चाकाखाली काय सारलंस ते मला तेव्हा दिसलं नाही.

जूनमध्ये तू शहरातल्या घरी बैठक बोलावलीस. मी आणि आत्या उगोये पहाटेच्या बसने आलो. मला वाटलं आईच्या दफनाची बैठक आहे. खोलीत बघतो तर वॉर्डावॉर्डांचे पुढारी, भिंतीवर मतदारसंघाचा नकाशा, आणि टेबलावर दफनाला सगळ्यांनी नेसायच्या कापडाचे नमुने. एका नमुन्यावर आईचा फोटो, शेजारी तुझा, खाली पक्षाचं चिन्ह. आत्या ते कापड हातात घेऊन म्हणाली, "हे कमरेला गुंडाळलं तर वहिनी माझ्या बसायच्या जागी येते." पुरुष हसले. तू नाही हसलास.

मग तुझ्या प्रचाराचा कारभार बघणारा बार्थो उभा राहिला. त्याचं बोलणं माझ्या कानात अजून तसंच आहे. "ऑनरेबल, माणसाला आई एकच असते आणि ती एकदाच मरते. ती याच वर्षी मेली, हा देवाचा आशीर्वाद समजा." सगळ्यांनी आमेन म्हटलं. सवयीने मीही म्हटलं असेन. पुढे त्याने सगळ्यांना कायदा समजावून सांगितला. प्रचाराला कुणी किती द्यावं याला मर्यादा आहे, उमेदवाराने किती खर्च करावा याला मर्यादा आहे, निवडणूक आयोग हिशेब मागतो. "पण शोकाला मर्यादा कुठाय, सांगा? एखादा कंत्राटदार गाय आणि पैशांचं पाकीट घेऊन दफनाला आला, तर त्याला कोण विचारणार? आणि आपण आलेल्या माणसांना भात-मटण घातलं, जाताना हातात मिठाची पिशवी दिली, तर ते मत विकत घेणं झालं का? तो तर पाहुणचार झाला!" कुणीतरी टाळी वाजवली. एका म्हाताऱ्या पुढाऱ्याने विचारलं, पिशवीवर फोटो कुणाचा? बार्थो म्हणाला, "एका बाजूला आई, एका बाजूला लेक. मीठ कुठल्याही बाजूने ओता, मत एकाच पेटीत पडतं." तू मान खाली घालून मोबाइलशी खेळत होतास. मला वाटलं, तुला लाज वाटतेय. अजूनही मला तसंच वाटतं.

त्याच बैठकीत आत्याने तो प्रश्न विचारला. "तिच्या माहेरी ताडी घेऊन कोण गेलं?" माहेरच्यांना रीतसर कळवल्याशिवाय, त्यांनी येऊन आपल्या मुलीचं तोंड पाहिल्याशिवाय पेटीचं झाकण बसत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बार्थो नकाशापाशी गेला. "तिचं माहेर कुठलं? अग्बोजी? म्हणजे इयिओजी नदीच्या पलीकडे." त्याने बोट नदीपर्यंत नेलं आणि तिथेच थांबवलं. "ते आपल्या मतदारसंघात येत नाहीत. त्यांच्यासाठी मागे खुर्च्यांची एक रांग ठेवू, आदल्या दिवशी पाकीट पाठवू. आता वॉर्ड तीनचं बोला." आणि वॉर्ड तीनचं बोलणं सुरू झालं.

मी तुझ्याकडे बघत होतो, एलोका. बाबा गेले तेव्हा तू आईच्या पाठीवर होतास. बाबांच्या भावांनी घराला कुलूप लावलं, आठवत नसेल तुला. आई तुला पाठीला बांधून, मला हाताला धरून नदी ओलांडून गेली. दोन पावसाळे आपण न्वेकेमामाच्या घरी काढले. तू चालायला तिथे शिकलास. मामा झाडावरून ताडी उतरवायचा, ती विकून आलेल्या पैशांत त्याने मला तिथल्या मिशनच्या शाळेत घातलं. पुढे आपण परत आल्यावर तुझ्या कॉलेजच्या फीसाठी त्याने आपली ताडाची झाडं गहाण टाकली. वाटलं होतं, तू उठून त्या नकाशावर बोट ठेवशील आणि म्हणशील, बार्थो, नदीपाशी थांबायचं नाही. तू पाणी मागितलंस.

आधी ऑगस्ट ठरला होता. मग कळलं की पक्षातलं भांडण मिटलेलं नाही, मोठी माणसं यायची नाहीत. फादर म्हणाले, दफन दोन महिन्यांच्या आत व्हावं असा बिशपांचा नियम आहे. तू चर्चला नवं छप्पर घालून दिलंस आणि फादरांनी सवलत दिली. छप्पर चांगलं आहे, आता पावसात प्रार्थना थांबवावी लागत नाही. मी रोज त्याच्याखाली उभा राहतो आणि वर बघत नाही, कारण पत्र्यावर आतून तुझं नाव रंगवलंय. मग ख्रिसमसनंतरचा शनिवार ठरला. सगळं गाव तेव्हा घरी असतं, तेही पटण्यासारखं होतं. मी अंगणातलं गवत काढून घेतलं, बाबांच्या शेजारी जागा आखली, चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या. आणि ख्रिसमसच्या आदल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर बघतो तर चर्चच्या भिंतीवर नवं पोस्टर. फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार, मतदानाच्या दोन आठवडे आधी. मला, थोरल्या मुलाला, ते भिंतीवर वाचून कळलं. बार्थोला फोन केला तर तो हसला. "मास्तर, खाल्लेला भात माणूस दोन आठवडे लक्षात ठेवतो. दोन महिने नाही ठेवत."

त्या दिवसापासून मला झोप लागेना. जपमाळ हातात घ्यायचो आणि मध्येच कुठे होतो ते विसरायचो. खुंट्यांमधल्या जागेत पुन्हा गवत उगवलं. देवाकडे मी काही मागितलं नाही. मागावं कशासाठी तेच समजेना. मग तो गुरुवार आला, आणि ती चिठ्ठी. मी सिल्वेस्टरला म्हटलं, ब्लँकेट तिच्यावर घाल. तो म्हणाला, "घालतो, पण ओलं होईल, मास्तर." मी ते परत घरी आणलं.

शनिवारी मी कोलाफळं आणि ताडीचा एक कॅन घेऊन नदी ओलांडली. होडीवाल्याने कॅन बघून विचारलं, कुणाकडे लग्न? मी म्हटलं, लग्न नाही.

न्वेकेमामा आता जवळजवळ आंधळा झालाय. ओट्यावर बसला होता, आवाजावरून मला ओळखलं. "ये, ओयिरिदियाच्या थोरल्या. नदी फार रुंद झाली म्हणतात. पलीकडून इकडे यायला आठ महिने लागायला लागले?" मी गुडघे टेकले. त्याने उठ म्हटलं नाही. हळूहळू घरातली सगळी जमली, मामाची मुलं, सुना, आईच्या बरोबरीच्या दोन म्हाताऱ्या. मी कोलाफळं पुढे ठेवली, ती त्याने फोडली नाहीत; फोडली असती तर माझं येणं मान्य झालं असतं. ताटलीत बोटाने फिरवत राहिला. मामी आतून म्हणाली, "पोस्टर वाचून दाखवलं पोरांनी. अमक्याची आई, तमक्यांची आजी, कुठल्या कुठल्या मंडळाची आजीव सभासद. ती मुलगी कुणाची, ते कुठाय? आभाळातून पडली होती काय आमची ओयिरिदिया?" कुणी हसलं नाही. मी सांगायला सुरुवात केली. काही लपवलं नाही, तिकीट, कापड, मिठाच्या पिशव्या, ऑगस्ट, ख्रिसमस, फेब्रुवारी. नकाशाचंही सांगितलं, बोट नदीपाशी कसं थांबलं ते. मामा मात्र तेव्हाच पहिल्यांदा हसला. "म्हणजे आम्ही नकाशाच्या बाहेर. त्या पोराला मी खांद्यावर बसवून नदी पार करायचो तेव्हा मला कुणी नकाशा दाखवला नाही. दाखवला असता तर अर्ध्यात खाली ठेवला असता का रे?"

मग त्याने कोलाफळ फोडलं. सगळ्यांना वाटून दिलं, मलाही दिलं. म्हणाला, "कळवायला उशीर केल्याबद्दल एक बकरा पडेल. तो धाकट्याकडून घेईन. त्याने स्वतः आणायचा, माणसाबरोबर पाठवायचा नाही. तुझ्याकडून मला काही नको. आमची मुलगी आम्हाला कधी दाखवतोस?" मी म्हटलं, सोमवारी या. तो मान हलवत राहिला. आणि मग अगदी सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "बघून झाल्यावर परत तिथेच ठेवायची?"

होडीत बसलो, उतरलो, सबंध रस्ता चालत आलो, तोच प्रश्न बरोबर होता. अंगणात आलो आणि खुंट्यांमधलं गवत उपटायला लागलो, तेव्हा माझं मला कळलं की मी उत्तर दिलंय.

फादरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, "सोमवारी मी शहरात असेन, बिशपांकडे काम आहे. फादर नसतील तेव्हा दफनाची प्रार्थना मास्तर चालवू शकतो, हे मी तुला सांगायला नको." दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "छपराचं मी बघून घेईन." आत्या उगोयेला सांगितलं तर तिने आधी मला एक शिवी दिली, इतके दिवस कुठे मेला होतास म्हणून, आणि मग पदराने डोळे पुसत साबण शोधायला लागली.

मला ठाऊक आहे हे तुला महागात पडेल. मंडप सांगून झालेत, गाई ठरल्यात, पाकिटं आणणाऱ्यांना निमंत्रणं गेलीत, त्या पाकिटांच्या भरवशावर तू कुणाकुणाला शब्द दिला असशील. तू हरलास तर लोक म्हणतील, सख्ख्या भावाने हरवलं. म्हणू देत. जिंकलास तरी तू माझ्याशी बोलशील की नाही, ते मला सांगता येत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. मत मी तुलाच देणार आहे. ओढ्यावरचा पूल तू कुठल्याही पदावर नसताना बांधून दिलास, ते मी विसरलेलो नाही. पण आईचं हे मला मतदानाच्या पलीकडे ढकलता आलं नाही.

तर एलोका, हे पत्र यासाठी, की मला भिंतीवर वाचून कळलं तसं तुला हे कुणा तिसऱ्याकडून कळू नये. काल, सोमवारी सकाळी, नदीपलीकडची माणसं भाड्याच्या ट्रकमधून आली. मामाने स्वतः करवून घेतलेली साधी लाकडी पेटी त्यांच्याबरोबर होती. थोरल्याची सही चालते, ती मी केली. सिल्वेस्टर म्हणाला, "फेब्रुवारीअखेरपर्यंतचे पैसे भरलेत, मास्तर, ते काही परत मिळायचे नाहीत." त्याने अंगठ्याची ती चिठ्ठी सोडून माझ्या हातात दिली, ती मी तिथेच फाडली. घरी आणल्यावर आत्याने आणि बायकांनी तिला आंघोळ घातली, चर्चच्या महिला मंडळाचं कापड नेसवलं, निळं ब्लँकेट गुंडाळलं. मामाला दिसत नाही, त्याने तिच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि म्हणाला, आमचीच आहे. मी प्रार्थना चालवली. एकदाच अडखळलो. ऊन तापायच्या आत आपण आईला मातीत दिलं, बाबांच्या शेजारी. क्रुसावर लिहिलंय, फिलोमिना ओयिरिदिया, अग्बोजीच्या उदेन्झेची मुलगी. फेब्रुवारीतला तुझा कार्यक्रम तू करायचा तर कर, पण त्यासाठी तू मागवलेल्या काचेच्या झाकणाच्या पेटीत ठेवायला आता माझ्याकडे काही नाही. आधी बकरा घेऊन नदी ओलांड, मग घरी ये. गाड्या आणू नकोस, फोटोवाला आणू नकोस. पेटी खाली सोडल्यावर प्रत्येक मुलाने आपल्या हाताने माती टाकायची असते. माझी मी टाकली. तुझ्या वतीने टाकायला दोघं-तिघं पुढे आले, मी कुणाला टाकू दिली नाही. तुझ्या वाटणीची माती मी टोपलीत काढून, केळीचं पान झाकून, आईच्या चुलीजवळ ठेवली आहे.

तुझाच थोरला,
अनायो